विद्यार्थ्यांचे चित्रदालन

मुलांच्या चित्रांविषयी लिहावयाचे म्हणजे केवळ कौतुक करावयाचे, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ झालेली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनास पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ चित्रांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवितात, ‘वा, फार सुरेख!’ एवढे उद्गार काढतात आणि चहापानाकडे वळतात. ह्या कौतुकात वाईट हेतू नसतो. परंतु त्यात लक्षही नसते. ज्या कृतीकडे आपण खरोखर पाहिलेच नाही, तिची स्तुती करणे हा तिचा एका परीने अनादरच होय. मोठ्यांच्या नाटकावर, कादंबरीवर, गायनावर आपण परिश्रमपूर्वक टीका करतो. मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने आठ दिवस खपून काढलेल्या चित्राच्या वाट्यास मात्र पाठीवरची एक थाप तेवढी यावी, हे न्यायाचे नव्हे. टीका म्हणजे दोषांची यादी नव्हे. काय साधले, काय साधावयाचे राहिले, आणि जे राहिले त्याचे कारण काढणाऱ्याच्या हातात आहे की त्याला शिकविणाऱ्या व्यवस्थेत आहे, ह्याचा शोध घेणे म्हणजे टीका. हातकणंगले येथील एका माध्यमिक शाळेच्या चित्रदालनाचे हे परीक्षण त्या अर्थाने वाचावे, अशी वाचकांस विनंती आहे.

शाळेचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. एक तर चित्रे काढणारी मुले अल्पवयीन. त्यांची नावनिशी छापून त्यांस चारचौघांच्या चर्चेत ओढणे योग्य नव्हे. दुसरे असे की, पुढे जे गुणदोष सांगावयाचे आहेत ते त्या एका शाळेचे नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातील, पुष्कळशा शाळांच्या भिंती थोड्याफार फरकाने हेच सांगतील.

प्रथम हा मुलूख कसा आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. कारण चित्रांची परीक्षा करताना चित्रकाराच्या डोळ्यांपुढे रोज काय असते हे ठाऊक असणे अवश्य आहे. हातकणंगले हे मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील स्टेशन. हा मार्ग १८९१ साली कोल्हापूर संस्थानात सुरू झाला. संस्थानी काळी ह्या भागास शेजारच्या आळते गावावरून आळते पेटा म्हणत. तालुक्याच्या उत्तरेस वारणा वाहते, दक्षिण भागातून पंचगंगा जाते, आणि मधल्या काळ्या जमिनीत जिकडे पाहावे तिकडे ऊस. इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. हुपरीत घरोघरी चांदीचे दागिने घडतात. कर्मवीर भाऊराव पाटील ज्या कुंभोज गावी १८८७ साली जन्मले, त्याच्या जवळ बाहुबलीचा डोंगर आहे. तेथील अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठापित झाली. आळत्याजवळ अल्लमप्रभूचा डोंगर व रामलिंगाची लेणी आहेत. पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तेव्हा भंडाऱ्याने माणसे, गुरे, रस्ते, देऊळ सर्व एकरंगी पिवळे होऊन जाते. चित्रकारास ह्याहून अधिक सामग्री कोठे मिळावी? म्हणून दालनात शिरताना आमच्या मनात एकच प्रश्न होता : ह्यांतील किती गोष्टी भिंतीवर पोहोचल्या आहेत?

दालन म्हणजे एक लांबट वर्गखोली. तिच्या तीन भिंतींवर पाचवीपासून दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांची सुमारे शंभर चित्रे लावलेली आहेत. संमेलनापुरते चार दिवस प्रदर्शन मांडून पाचव्या दिवशी चित्रांची रद्दी करावयाची, हा सर्वत्र चालणारा प्रकार येथे नाही. खोली कायमची चित्रांसाठी राखलेली असून दरवर्षी काही चित्रे बदलतात, काही जुनी ठेवली जातात. एवढ्या एका गोष्टीसाठी शाळेच्या चालकांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. आपण काढलेले चित्र उद्याही येथेच असेल हे ज्या मुलास ठाऊक आहे, त्याचा हात निराळ्या जबाबदारीने चालतो.

समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, पहिल्या क्रमांकाचे बक्षीस मिळविलेले चित्र आहे. मागे बर्फाच्छादित शिखरे, त्यांपुढे सूचिपर्णी वृक्षांचे वन, उतरत्या छपराचे लाकडी घर, आणि निळ्याशार पाण्यात त्या घराचे प्रतिबिंब. रंग स्वच्छ लावले आहेत, कडा कोठेही फाटलेल्या नाहीत, पाण्यातील उलटी छाया बरोबर मोजून काढली आहे. हाताची तयारी निःसंशय चांगली आहे. परंतु हे दृश्य मुलाने कोठे पाहिले? छापील तसबिरीत वा दिनदर्शिकेवर. म्हणजे दुसऱ्या कोणी पाहिलेले, तिसऱ्याने छापलेले, चौथ्याने विकलेले असे हे दृश्य ह्या मुलाच्या हातून पाचव्यांदा उतरले आहे. सुंदर हस्ताक्षरात दुसऱ्याचे पत्र उतरवून काढावे आणि त्यास पत्रलेखनाचे बक्षीस मिळावे, तसा हा प्रकार झाला. ह्यात दोष मुलाचा नाही. जे पारितोषिकास पात्र ठरते तेच तो काढणार.

ह्या चित्राच्या आसपास त्याची गरीब भावंडे आहेत. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात चार पक्षी. मुले ज्यास ‘सीनरी’ म्हणतात ते हे चित्र महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत आहे. आम्ही मोजून पाहिले. येथे अशी सतरा चित्रे निघाली. ह्या सतरांपैकी एकाही डोंगराचा आकार बाहुबलीच्या डोंगरासारखा नाही, अल्लमप्रभूच्या डोंगरासारखा नाही. खिडकीबाहेर खरा डोंगर उभा असताना कागदावर त्रिकोण उमटतो, ह्याचा अर्थ मूल पाहून काढीत नाही, आठवून काढते. आणि जे आठवते तेही स्वतःचे नसते, शेजारच्या बाकावरचे असते.

ह्याच जातीचा दुसरा प्रकार वारली चित्रांचा. दालनात अशी बरीच चित्रे आहेत. दोन त्रिकोणांची माणसे, तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर, कडेला झाडांची नक्षी. वारली चित्रकला ही ठाणे-पालघरकडील आदिवासींची, लग्नप्रसंगी घरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाची. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) ह्यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर आणून जगापुढे मांडली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्या कलेविषयी आदर असणे निराळे आणि तिचा साचा करून प्रत्येक फलकावर, प्रत्येक कडेवर छापणे निराळे. तारप्याचा फेर ह्या मुलांनी पाहिलेला नाही. धनगरांचे गजीनृत्य मात्र पाहिलेले आहे. ढोलांच्या तालावर हातातील रुमाल उडवीत फिरणारे ते रिंगण त्यांच्या गावच्या यात्रेत असते. मशे ह्यांनी आपल्या पाड्यातले रिंगण काढले. त्यांचे खरे अनुकरण करावयाचे तर हातकणंगल्याच्या मुलाने आपल्या बिरदेवाचे रिंगण काढावे; आणि तेही आपल्या रेषेने.

डाव्या भिंतीवर परीक्षेची चित्रे आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षांची नावे ठाऊक नाहीत असे मराठी मध्यमवर्गीय घर विरळा. वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय. ह्या परीक्षा आज कला संचालनालयाकडून घेतल्या जातात. परंतु त्यांची मूळ परंपरा इंग्रजी अमदानीची आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर इंग्लंडात कारखान्यांस नमुनेकार पुरविण्यासाठी जी साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती उभी राहिली, तीच मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत, १८५७ साली ती निघाल्यानंतर, आली, आणि तेथून शाळाशाळांत पसरली. प्रथम सपाट नमुन्यावरून रेषा उतरवावयाची, मग नक्षी, मग भांडी, मग छायाप्रकाश, अशी तिची चढती पायरी होती. हेतू कलावंत निर्माण करण्याचा नसून डोळा व हात शिस्तीत आणण्याचा होता.

ही शिस्त सर्वस्वी टाकाऊ आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ह्या भिंतीवर एका दहावीतील मुलीचे स्थिरचित्र आहे : पितळेचा तांब्या, शेजारी दोन वांगी, मागे घड्या पडलेले कापड. तांब्याच्या पोटावर वांग्याचा जांभळा रंग किंचित उतरला आहे, तो तिने पाहिला आणि दाखविला. तांब्या पितळेचा आहे, मातीचा नाही, हे बघणाऱ्यास सांगावे लागत नाही. अशी नजर शिस्तीवाचून येत नाही. परंतु तिच्या दोन्ही बाजूंस तोच तांब्या आणि तीच वांगी घेऊन जी आठ-नऊ चित्रे लावली आहेत, त्यांत तांब्यावरची चकाकी सर्वांनी एकाच ठिकाणी, एकाच आकाराची काढली आहे. मग मूल तांब्याच्या डावीकडे बसलेले असो की उजवीकडे. म्हणजे चकाकी पाहिलेली नाही, शिकविलेली आहे. शिस्तीचा आणि ठोकळेपणाचा भेद कोणता, हे ह्या भिंतीवर जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या ग्रंथातही सापडावयाचे नाही.

ठोकळेपणाचे कारणही उघड आहे. इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीप्रमाणे शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. ‘अ’ श्रेणीस ७, ‘ब’ श्रेणीस ५ आणि ‘क’ श्रेणीस ३. ह्या सात गुणांनी चित्रकलेस पालकांच्या दरबारी प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरे. ज्या घरी रंगांची पेटी ही उधळपट्टी समजली जाई तेथे ती आता विनातक्रार विकत घेतली जाते. पण जे गुणांसाठी येते ते गुण मिळताच जाते. नववीपर्यंत रंगविणारा हात दहावीत थांबतो, तो बहुधा जन्माचा थांबतो. सात गुण मिळाले. तांब्या कायमचा पालथा पडला.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयाचा, त्या चित्रांकडे वळू. ती चार आहेत, आणि चारही दालनात कोपऱ्याकोपऱ्याला पडली आहेत.

पहिले नववीतील एका मुलीचे, जलरंगातील. चित्राखाली ‘पूर’ एवढेच लिहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आणि वारणा ह्यांस जो महापूर आला, त्या वेळी ही मुलगी दुसरी-तिसरीत असेल. पुढे २०२१ च्या जुलैतही पुराने हा भाग वेढला. कागदाचा तीन चतुर्थांश भाग पाण्याने भरला आहे. पाणी निळे नाही. त्याचा रंग दूध कमी पडलेल्या चहाचा आहे, आणि हे ज्याने पूर पाहिला त्यालाच सुचते. मधोमध गूळ कढविण्याची मोठी काहील तरंगत असून तीत एक म्हातारी बसली आहे. तिच्या कुशीत करडू आहे. छातीभर पाण्यातले दोन पुरुष काहील ढकलीत आहेत. काहील वरून पाहिल्यासारखी पूर्ण गोल काढली आहे आणि माणसे बाजूने पाहिल्यासारखी. यथार्थदर्शनाच्या नियमाप्रमाणे ही चूक होय. परंतु काहील बाजूने काढली असती तर आत बसलेली म्हातारी दिसली नसती, आणि म्हातारी दिसणे हेच तर चित्राचे कारण. म्हातारीला नाक-डोळे काढलेले नाहीत. तिने काहिलीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे, एवढेच दाखविले आहे. भीती दाखविण्यास तेवढे पुरे झाले. चित्रात उणीवही आहे. पुरुषांचे दंड लाकडासारखे ताठ आहेत, ढकलण्याचा जोर त्यांत आलेला नाही. उजव्या कोपऱ्यात, जागा रिकामी राहू नये म्हणून, तीच ठराविक लाल छपराची दोन घरे बसविली आहेत. ती काढून टाकली असती आणि तेथे नुसते पाणी ठेवले असते तर पूर अधिक मोठा झाला असता. तथापि, सबंध दालनात हेच एक चित्र असे आहे की, जे दुसऱ्या कोणास काढता आले नसते. ते दाराच्या मागे लावले आहे. दार उघडले की चित्र झाकते.

दुसरे सहावीतील मुलाचे, तैलखडूचे. विषय पट्टणकोडोलीची यात्रा. साऱ्या कागदावर पिवळा रंग इतका दाबून घासला आहे की कागदास त्याचे तेल सुटले आहे. त्या पिवळ्यात काळ्या ठिपक्यांची डोकी, मध्ये तीन-चार रंगीत छत्र्या आणि एका बाजूस देवळाचे शिखर, तेही पिवळे. जमीन कोठे संपते व आकाश कोठे सुरू होते ते समजत नाही. आणि भंडारा उधळला जात असता ते खरोखरच समजत नसते. ह्या चित्राच्या वरच्या कडेस पेन्सिलीने लहान अक्षरात लिहिले आहे, ‘आकाश निळे हवे’. हे तीन शब्द वाचून आमचे मन खिन्न झाले. आकाश निळे असते हे सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी ते पिवळे होते, हे फक्त त्या मुलास ठाऊक होते.

तिसरे आठवीतील मुलाचे, नुसत्या पेन्सिलीचे. विषय यंत्रमाग. धोटा, फणी, बीम, दोऱ्यांची सरळ रांग, पट्टा, सर्व भाग यथास्थित आहेत. ताण्याचे दोरे तर एकेक करून काढले आहेत. यंत्राशेजारचा मनुष्य मात्र बोटभर उंचीचा, ओळखूही न येणारा. छाया नाही, प्रकाश नाही, म्हणून चित्र कोरडे वाटते. छायाप्रकाशाचे थोडे शिक्षण ह्या मुलास मिळाले तर तो फार पुढे जाईल. यंत्र प्रचंड आणि मनुष्य क्षुल्लक हा देखावा त्याने विचारपूर्वक योजला, असा दावा आम्ही करीत नाही. त्याला यंत्र आवडते, म्हणून ते मोठे झाले. पण मागावर बारा-बारा तास उभे राहणारा मनुष्य त्या चित्रापुढे आला तर तो पाहून काही वेळ गप्प होईल, एवढे निश्चित.

चौथे सातवीतील मुलीचे. हुपरीच्या घरातील रात्र. दिव्याखाली वाकून एक बाई पैंजणास घुंगरू लावीत आहे. दिव्याचा उजेड फक्त तिच्या हातांवर व चांदीवर पाडला आहे, बाकी खोली गडद तपकिरी. पैंजण हाताहून मोठे आहे. लक्ष जेथे, तेथे वस्तू मोठी, हा बालचित्रांचा स्वभावच होय. दोष एवढाच की, चित्राभोवती वारली बाहुल्यांची चार बोटे रुंद कड काढून तिने आपलेच चित्र कोंडले आहे. दागिन्याची नक्षी जिच्या घरात रोज घडते, तिला कडेसाठी परक्या नक्षीची उसनवारी करावी लागावी, ह्याचे नवल वाटते. कोणी तरी तिला सांगावयास हवे होते की, तुझ्या आईच्या पैंजणाची साखळीच कडेला काढ.

ह्या चार चित्रांना एकही क्रमांक नाही. येथे टीकेचा खरा मुद्दा उपस्थित होतो. शाळेत चित्रे काढणारी मुले आहेत, शिकविणारे शिक्षक आहेत, खोली आहे, भिंत आहे. नाही ती फक्त परीक्षकाची नजर. चांगले कोणते ते ठरविताना चित्र मोठ्यांच्या चित्राच्या किती जवळ गेले हे पाहिले जाते. मूल स्वतःच्या अनुभवाच्या किती जवळ गेले हे पाहिले जात नाही.

युरोपात हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच चर्चेस आला. कोर्राडो रिच्ची ह्या इटालियन पंडिताने बोलोन्या शहरातील एका ओवरीच्या भिंतीवर मुलांनी ओढलेल्या रेघोट्या पाहिल्या आणि १८८७ साली मुलांच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक ह्यांनी १८९७ साली मुलांचा चित्रवर्ग काढला. मुलांस नमुने द्यावयाचे नाहीत, त्यांना आपल्या मनातले काढू द्यावयाचे, हा त्यांचा बाणा. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९२० साली लंडनमध्ये भरले तेव्हा तेथील शिक्षकवर्ग थक्क झाला. १९४३ साली हर्बर्ट रीड ह्यांनी कला हीच शिक्षणाचा पाया असावी, असे ग्रंथरूपाने प्रतिपादिले. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि खेड्यातील मुलांबरोबर त्यांनी अनेक वर्षे हाच प्रयोग केला. तो महाराष्ट्रात झाला. त्याची आठवण मात्र महाराष्ट्रातील शाळांस क्वचितच आहे.

परंतु ह्या मताचा अतिरेकही आम्हांस मान्य नाही. मुलास मोकळे सोडा म्हणजे तो आपोआप कलावंत होईल, हे म्हणणे गोड आहे, खरे नाही. सिझेक ह्यांच्या वर्गातील चित्रेही पुष्कळदा एकमेकांसारखी, एकाच व्हिएन्नी थाटाची दिसतात, असे तेव्हाच काहींनी म्हटले होते. मोकळीक दिली तरी मूल आजूबाजूच्या छापील चित्रांतूनच उचलते. त्या सतरा ‘सीनरी’ कोणी जुलमाने काढावयास लावलेल्या नाहीत. मुलास नुसती मोकळीक पुरत नाही, त्यास पाहावयास लावणारा कोणी तरी हवा असतो. काहील ढकलणाऱ्या पुरुषांचे दंड ताठ का झाले, हे त्या मुलीस दाखविण्यासाठी तिच्यापुढे खरोखर कोणाला तरी बाक ढकलावयास लावले पाहिजे. हेच शिक्षण. आपल्या हाताने तिच्या कागदावर दंड सुधारून देणे हे शिक्षण नव्हे. आणि दालनातील निदान पाच-सहा चित्रांत असा मोठ्यांचा हात फिरलेला स्पष्ट दिसतो. एका चित्रात शेतकरी व गाडी बालकाची आहेत, पण बैल मात्र कसलेल्या चित्रकाराचा आहे. असा बैल त्या गाडीस ओढीत नाही. तो चित्रच ओढून नेतो.

कोल्हापूरच्या मुलांना ह्या बाबतीत दूरचे दाखले देण्याची खरे म्हणजे गरज नाही. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) ह्यांनी मुंबईच्या कलाशाळेत शिक्षण घेतले, शिस्त अंगी बाणवली, आणि मग कोल्हापुरास परतून कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ ह्यांचीच चित्रे जन्मभर काढली. त्याच कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांनी मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थी व शिक्षक म्हणून काढलेल्या काळाची कहाणी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे. बाजार, लग्न, पालखी, गर्दी ह्यांवर त्यांची नजर खिळलेली असे. बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) हे तर कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. घरच्या कारागिरीतून त्यांचा हात तयार झाला, आणि चित्रपटाचा पडदा, पोस्टर, मूर्ती, कॅमेरा ह्या सर्वांस त्यांनी तोच हात लावला. ह्या तिघांचे मार्ग निराळे असले तरी एका गोष्टीत ते एक आहेत : जे जवळ होते ते त्यांनी क्षुद्र मानले नाही. कोटितीर्थाचे तळे चित्रास पुरेसे आहे असे आबालालांस वाटले. मग वारणेचा पूर हातकणंगल्याच्या मुलीस पुरेसा का वाटू नये? तिला तो वाटलाच. वाटले नाही ते परीक्षकांस.

शिक्षकांची बाजूही पाहिली पाहिजे, नाही तर हे परीक्षण अन्यायाचे होईल. प्राथमिक शाळांत चित्रकलेस स्वतंत्र शिक्षक बहुधा नसतोच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीस, शंभराहून अधिक पट असेल तेथे, कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. ज्या शाळेचा पट शंभराच्या आत, तेथील मुलांच्या डोळ्यांचा विचार कायद्यानेही केलेला नाही. जो शिक्षक आहे त्याच्यावर फलकलेखन, संमेलनाचा पडदा, निवडणुकीची कामे, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी एवढा भार असतो. आठवड्यातून एक-दोन तास, समोर साठ मुले. अशा स्थितीत प्रत्येक मुलाच्या पिवळ्या आकाशाची चौकशी करणे शक्य नसते, हे आम्ही जाणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेस अभ्यासक्रमाबाहेरचा विषय मानू नये असे म्हटले आहे. शब्द चांगले आहेत. त्यांस तास आणि शिक्षक मिळाले म्हणजे त्यांचा अर्थ कळेल.

तथापि, काही गोष्टींस पैसाही लागत नाही आणि मनुष्यबळही लागत नाही. चित्रे आहेत त्याहून हातभर खाली लावावीत. सध्या ती पाहुण्यांच्या डोळ्यांस समोर येतात, पाचवीतील मुलास मान वर करून पाहावे लागते. काचेच्या चौकटीस देणगी देणाऱ्याचे नाव जितक्या मोठ्या अक्षरात आहे, निदान तितक्या अक्षरात चित्राचा विषय असावा, आणि तो मुलाच्याच शब्दांत असावा. प्रत्येक चित्रावर तारीख घालावी. मुलाच्या कागदावर शिक्षकाने रेघ ओढू नये. दाखवावयाचे ते वेगळ्या कागदावर दाखवावे. दालनात क्रमांक देऊ नयेत. ते परीक्षेत भरपूर मिळतात. आणि महिन्यातून एकदा, कागद व पेन्सिल एवढेच घेऊन, मुलांस स्टेशनावर, बाजारात, उसाच्या फडात न्यावे. सतरा ‘सीनरी’ दोन वर्षांत नाहीशा होतील, असा आमचा विश्वास आहे.

हे सर्व लिहिण्यास आणखी एक निकडीचे कारण आहे. ही खोली पुढील वर्षापासून दहावीच्या जादा तासांसाठी घ्यावी आणि चित्रे जिन्याच्या भिंतीवर हलवावीत, असा विचार शाळेत चालू असल्याचे आम्हांस तेथे कळले. पालकांचीच तशी मागणी आहे, असेही सांगण्यात आले. पालकांची चिंता आम्ही समजू शकतो. गुणांवर मुलांचे पुढील शिक्षण अवलंबून आहे. परंतु जिन्याच्या भिंतीवरचे चित्र कोणी उभे राहून पाहत नाही. जिना चढण्या-उतरण्यासाठी असतो. दालन गेले म्हणजे चित्रे राहतील, पण पाहणे जाईल. आणि ह्या शाळेत मुळात जी उणीव आहे ती चित्रांची नसून पाहण्याचीच आहे, हे वर दाखविलेच आहे.

म्हणून त्या पालकांस आमची सूचना अशी की, निर्णय देण्यापूर्वी त्यांनी एकदा त्या खोलीत जावे. घाईने जाऊ नये. समोरच्या भिंतीवरील बर्फाची शिखरे हवी तर शेवटी पाहावीत. प्रथम आत शिरून दार आपल्यामागे लोटून घ्यावे, म्हणजे दारामागचे चित्र दिसेल, आणि काहिलीचा काठ धरून बसलेली ती म्हातारी कोणाची आजी आहे हे त्यांच्यापैकी पुष्कळांस ओळखता येईल. आपल्या घरावरून गेलेला पूर आपल्याच गावच्या मुलीने कागदावर धरून ठेवला आहे, हे पाहिल्यावरही ज्यांस ती खोली जादा तासांसाठीच हवी असेल, त्यांनी ती खुशाल घ्यावी. आमचा अनुभव असा आहे की, पाहिल्यानंतर माणसे तसे म्हणत नाहीत.